विश्लेषण : तेल उधार, रस्ते कागदावर… हैतीच्या शेतकऱ्याच्या माथी कुणाचे कर्ज?

डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक माणूस आणि त्याच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठ्यावर हैतीच्या क्रिओल भाषेत हाताने लिहिलेला एकच प्रश्न : ‘पेट्रोकॅरिबचा पैसा कुठे आहे?’ लेखक आणि चित्रपटकर्मी गिल्बर्ट मिराम्बो यांनी १४ ऑगस्ट २०१८ रोजी हे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले. पुढच्या काही दिवसांत हजारो हैतियन तसाच पुठ्ठा हातात धरून उभे राहिले आणि पाठोपाठ राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. प्रश्न सुमारे दोन अब्ज डॉलरच्या सरकारी कर्जाचा होता. हा पैसा कुणी, कुठे आणि कसा खर्च केला याचा हिशेब देशाने मागितला. तो पूर्णपणे अजूनही मिळालेला नाही. ज्या देशात निम्म्या लोकसंख्येला पुरेसे अन्न मिळत नाही आणि खेड्यातला शेतकरी पाण्याच्या पाटासाठी वर्षानुवर्षे थांबतो, तिथे हा प्रश्न केवळ हिशेबतपासनिसांचा राहत नाही.

पेट्रोकॅरिब कर्ज म्हणजे काय?

व्हेनेझुएलाचे तत्कालीन अध्यक्ष ह्युगो चावेझ यांनी जून २००५ मध्ये पेट्रोकॅरिब ही योजना सुरू केली. कॅरिबियन देशांना तेल द्यायचे, पण सगळी किंमत लगेच मागायची नाही, हे तिचे सूत्र. हैतीने २००६ मध्ये, रेने प्रेव्हाल अध्यक्ष असताना करारावर सही केली आणि २००८ पासून तेल येऊ लागले.

या कर्जात कराकसहून रोख रक्कम येत नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. व्यवहार असा होता : हैतीच्या सरकारी यंत्रणेने व्हेनेझुएलाचे तेल घ्यायचे आणि देशातल्या तेल कंपन्यांना विकायचे. कंपन्या सरकारला तेलाचे पैसे देणार. सरकारने मात्र त्यातला काही भागच ९० दिवसांत व्हेनेझुएलाला पाठवायचा. बाकीची रक्कम सरकारकडेच राहायची आणि ती २५ वर्षांत, पहिली दोन वर्षे सवलतीची धरून, एक टक्का व्याजाने फेडायची. लगेच किती द्यायचे हे तेलाच्या भावावर ठरे. भाव पिंपाला १०० डॉलरच्या वर गेला की ४० टक्के आता आणि ६० टक्के उधार. म्हणजे एक कोटी डॉलरचे तेल आले, तर ४० लाख व्हेनेझुएलाला गेले आणि ६० लाख हैती सरकारच्या हाती खुळखुळू लागले.

एक टक्का व्याज आणि २५ वर्षांची मुदत, इतके स्वस्त कर्ज सहजासहजी मिळत नाही. शिवाय जागतिक बँक किंवा नाणेनिधी लावतात तशा अटीही नव्हत्या. पण गणितात एक खोच होती. तेल जितके महाग, तितकी उधारी मोठी. म्हणजे पंपावर ग्राहकाला चटके बसत असताना सरकारी तिजोरीत खर्चायला सर्वाधिक पैसा असे. २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंत तेल बहुतेक काळ शंभरीच्या वर होते, आणि मिशेल मार्तेली यांच्या सरकारच्या घोषणांचा सुकाळ नेमका त्याच काळातला.

याच योजनेतून गयानाने दुसरा मार्ग काढला होता. तिथल्या भातशेतकऱ्यांचा तांदूळ व्हेनेझुएलाला जाई आणि तेलाचे देणे त्यातून वळते होई. हा व्यवहार २०१५ पर्यंत चालला. हैतीला तो पर्याय नव्हता, कारण हैती स्वतःच तांदूळ आयात करतो. तसे का झाले, ते पुढे येईलच.

मग पैसा गेला कुठे?

जानेवारी २०१० मध्ये भूकंपाने पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाले. त्यानंतर संसदेने आणीबाणीचा कायदा करून १८ महिन्यांसाठी निविदा न काढता कंत्राटे देण्याची मुभा सरकारला दिली. अशा संकटात हे समजण्यासारखे आहे. पण उधारीचा पैसा आणि निविदेची सुट्टी या दोन गोष्टी एकत्र आल्या, की काय होते ते हिशेबतपासणीत दिसले.

सिनेटच्या समित्यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये अहवाल दिले. त्यानंतर सर्वोच्च लेखा न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत आणि मे महिन्यात, व शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये असे तीन अहवाल काढले. ही हैतीची सरकारी हिशेब तपासणारी घटनात्मक संस्था; आपल्याकडच्या ‘कॅग’च्या जवळ जाणारी. २००८ ते २०१६ या काळातील प्रकल्प तिने तपासले. अर्धवट सोडलेले रस्ते, आगाऊ रक्कम उचलून न झालेली कामे, आराखड्याशिवाय दिलेली कंत्राटे आणि गायब कागदपत्रे असे त्यांचे स्वरूप.

त्यातला एक रस्ता सर्वाधिक गाजला. उत्तर हैतीतील बोर्न्य भागातील या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी २०१४ मध्ये दोन कंपन्यांना पैसे दिले गेले. लेखा न्यायालयाला असे आढळले, की दोन्ही कंपन्यांचा कर क्रमांक एकच, तांत्रिक कर्मचारी तेच आणि पूर्वीच्या कामांची यादीही तीच. एका कंपनीचे नाव बेटेक्स. दुसरी अ‍ॅग्रिट्रान्स, तिला ३ कोटी ३० लाखांहून अधिक गुर्द, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सात लाख डॉलर मिळाले.

अ‍ॅग्रिट्रान्स ही रस्ते बांधणारी कंपनी नव्हती. ती केळी पिकवत होती.

केळीच्या बागेतून अध्यक्षपदापर्यंत

अ‍ॅग्रिट्रान्सचे तेव्हाचे प्रमुख होते जोव्हेनेल मोईस. ईशान्य हैतीत त्रू-दु-नोर इथे सुमारे एक हजार हेक्टरवर त्यांनी निर्यातीसाठी केळीची बाग उभी केली. देशातले पहिले कृषी मुक्त व्यापार क्षेत्र म्हणून सरकारने तिचा गाजावाजा केला आणि सरकारी विकास निधीतून ६० लाख डॉलरचे कर्जही दिले. या जमिनीवर आधी शेकडो छोटे शेतकरी पोटापुरते पिकवत होते. त्यांना हटावे लागले. काहींना मजुरीचे आश्वासन मिळाले, काहींना तेही नाही.

२०१५ मध्ये केळ्यांचे पहिले कंटेनर जर्मनीला निघाले. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्तेली यांच्या पक्षाचे उमेदवार म्हणून मोईस उतरले, ते ‘नेग बानान’ म्हणजे ‘केळीवाला’ या टोपणनावाने. शेतीतून देश उभा करणारा उद्योजक ही त्यांची ओळख. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते अध्यक्ष झाले. निर्यात मात्र सुरुवातीच्या थोड्या मालानंतर बारगळली.

लेखा न्यायालयाच्या मे २०१९ च्या अहवालात विद्यमान अध्यक्षांच्या जुन्या कंपनीचे नाव आले, तेव्हा देश आधीच पेटलेला होता. वर्षभरापूर्वी, ६ जुलै २०१८ रोजी, नाणेनिधीशी झालेल्या समझोत्यानुसार इंधनावरील अनुदान कमी करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला होता. पेट्रोल ३८ टक्के, डिझेल ४७ टक्के आणि केरोसीन ५१ टक्के महाग. खेड्यात वीज नाही, दिवा केरोसीनवर. म्हणजे सर्वात मोठी वाढ सर्वात गरीब घराच्या वाट्याला. घोषणेसाठी सरकारने मुहूर्तही असा काढला, की विश्वचषकात ब्राझीलचा सामना चालू असताना ती करायची. हैतीत ब्राझीलचे वेड घराघरांत आहे, लोक टीव्हीसमोर असतील, हा हिशेब असावा. ब्राझील हरला, लोक रस्त्यावर आले आणि सरकारने दुसऱ्याच दिवशी दरवाढ मागे घेतली. पंतप्रधानांना आठवडाभरात राजीनामा द्यावा लागला. पुठ्ठ्यावरचा प्रश्न त्यानंतर महिन्याभराने आला, तो या पार्श्वभूमीवर.

मोईस यांनी आपल्यावरील आरोप अखेरपर्यंत फेटाळले. ७ जुलै २०२१ रोजी त्यांच्या घरात घुसून त्यांची हत्या करण्यात आली.

कर्ज आणि शेतकरी हे नाते कधीपासूनचे?

दोनशे वर्षांपासूनचे. गुलामांच्या उठावातून १८०४ मध्ये स्वतंत्र झालेल्या हैतीकडे फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती कशाची, तर फ्रेंच मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत माणसेही मोजली होती. पहिला हप्ता भरायला हैतीने पॅरिसमध्येच तीन कोटी फ्रँकचे कर्ज काढले. त्यातले ६० लाख सावकार बँकेने आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये भरपाई नऊ कोटींवर आणली गेली, पण तिच्यासाठी काढलेल्या कर्जांची साखळी तुटायला १९४७ साल उजाडले.

हा पैसा मुख्यतः कॉफीवरच्या निर्यातकरातून आला. कॉफी डोंगरातला छोटा शेतकरी पिकवत होता. १८२६ च्या ग्रामीण संहितेने तर शेतमजुराला मळ्याशी बांधून टाकले, कारण निर्यात वाढल्याशिवाय हप्ता भरता येत नव्हता. खेडुताला राजधानीतले लोक आजही ‘मून आंदेयो’ म्हणजे ‘बाहेरचा माणूस’ म्हणतात. देशाचे कर्ज फेडणारा माणूस देशाबाहेरचा, असा हा अजब मामला.

विसाव्या शतकातही फार वेगळे घडले नाही. आर्तिबोनित नदीवरचे पेलिग्र धरण १९५० च्या दशकात अमेरिकेच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून झाले. खालच्या खोऱ्याला पाणी मिळाले, राजधानीला वीज मिळाली. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची सुपीक जमीन बुडाली आणि ते उघड्या डोंगरउतारांवर गेले. त्या उतारांवरची माती वाहून पुढे धरणातच साचली.

शेतकरी प्रशिक्षणाचे काय झाले?

हैतीत शेतकऱ्याला शिकवण्याचे कार्यक्रम कमी झाले असे कुणी म्हणणार नाही. भूकंपानंतर जागतिक बँक आणि आंतर-अमेरिकी विकास बँकेने हैतीचे जुने कर्ज माफ केले आणि पुढचा पैसा अनुदान म्हणून द्यायला सुरुवात केली. त्यातून कृषी खात्याची विस्तारसेवा उभी करण्याचे प्रकल्प आले. गावोगावी शेतीशाळा भरल्या. ही पद्धत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहे : हंगामभर ठरावीक दिवशी शेताच्या बांधावर जमायचे, कीड ओळखायची, रोपांतले अंतर मोजायचे. जोडीला बियाणे, खत, मशागत यांसाठी कुपने देण्यात आली. शेतकऱ्याने थोडा वाटा उचलायचा, बाकी कुपनातून.

यातल्या एका कुपन योजनेचे अर्थतज्ज्ञांनी काटेकोर मूल्यमापन केले. शेतकऱ्यांची सोडत काढून काहींना कुपने दिली, काहींना दिली नाहीत आणि दोन्ही गटांची तुलना केली. निष्कर्ष योजना आखणाऱ्यांना चक्रावणारा होता. कुपने मिळालेल्यांनी खते-बियाण्यांचा वापर वाढवला नाही, उलट कमी केला, उत्पादनही घटले. संशोधकांनी शोधलेली कारणे अशी, की आता मदत मिळाली म्हणजे पुढेही मिळेल या आशेने काहींनी स्वतःचा खर्च थांबवला आणि काहींनी कर्ज काढणे कमी केले. शेतकरी अडाणी होता म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्याकडे पीकविमा नाही, बँकेचे कर्ज नाही, त्याने हाती आलेल्या मदतीच्या आधाराने आधी डोक्यावरचा बोजा हलका केला, तर तो चुकला कुठे?

हैतीतल्या शेतकऱ्याला कर्ज मिळते ते गावच्या सावकाराकडून, नाहीतर ‘मादान सारा’कडून. मादान सारा म्हणजे खेड्यातला माल विकत घेऊन शहराच्या बाजारात नेणाऱ्या व्यापारी बायका. देशातल्या शेतमालाची वाहतूक आणि उधारी मोठ्या प्रमाणात त्यांच्याच खांद्यावर आहे. सरकारी कागदपत्रांत मात्र त्या अभावानेच दिसतात.

आणि शिकून पिकवले तरी विकायचे कुठे? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हैती स्वतःच्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. १९९५ मध्ये नाणेनिधी आणि अमेरिकेच्या दबावाखाली तांदळावरचे आयात शुल्क तीन टक्क्यांवर आणले गेले. अनुदानाच्या जोरावर पिकलेला अमेरिकन तांदूळ बंदरात ओतला जाऊ लागला. लोक त्याला ‘मियामी तांदूळ’ म्हणतात. आज देशात खाल्ल्या जाणाऱ्या तांदळापैकी सुमारे ८० टक्के बाहेरचा आहे. मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर कबूल केले, की या धोरणाचा फायदा कदाचित त्यांच्या अर्कान्सासमधल्या शेतकऱ्यांना झाला असेल, पण ती चूक होती आणि हैतीने लोकांना पोसण्याची क्षमता गमावली. तीन टक्क्यांच्या शुल्कापुढे शेतीशाळेतला धडा किती टिकणार, हा हिशेब प्रकल्प अहवालांत सहसा मांडलेला नसतो.

पेट्रोकॅरिबचा पैसा इथे कामी येऊ शकला असता. आर्तिबोनितच्या खोऱ्यातले कालवे गाळाने भरले आहेत. ते उपसायला, गोदामे बांधायला, शेतरस्ते करायला नेमके असेच दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज लागते. कारण कालवा दहा-वीस वर्षांत स्वतःची किंमत वसूल करतो. अर्धवट रस्ता कधीच करत नाही, पण त्याचा हप्ता तेवढाच असतो.

कुणाला शिक्षा झाली?

हैतीतल्या न्यायालयाने या प्रकरणात आजवर एकाही माजी पंतप्रधानाला शिक्षा केलेली नाही. कारवाई झाली ती देशाबाहेरून. जून २०२३ मध्ये अमेरिकेने माजी पंतप्रधान लॉरां लामोत यांना प्रवेशबंदी केली आणि पेट्रोकॅरिबच्या निधीतून त्यांनी किमान सहा कोटी डॉलर हडपल्याचा ठपका ठेवला. लामोत यांनी आरोप फेटाळले आहेत.

देशातली न्याययंत्रणा चालवायला आधी देश चालावा लागतो. जानेवारी २०२३ पासून हैतीत निवडून आलेला एकही राष्ट्रीय लोकप्रतिनिधी पदावर उरला नाही. एप्रिल २०२४ मध्ये नऊ जणांची संक्रमणकालीन परिषद नेमली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने तिच्या तीन सदस्यांवर ठपका ठेवला : सरकारी बँकेच्या प्रमुखपदी राहू देण्यासाठी त्यांनी दहा कोटी गुर्दची लाच मागितली, असा आरोप आहे. तिघांनी तो नाकारला.

त्याच ऑक्टोबरच्या तीन तारखेला आर्तिबोनितमधल्या पाँ-सोंदे या गावावर टोळीने हल्ला केला. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. देशाच्या भाताच्या कोठारात आता टोळ्या रस्त्यांवर टोल घेतात आणि शेतकरी शेत सोडून पळत आहेत. मार्च २०२५ च्या आकडेवारीनुसार ५७ लाख हैतियन तीव्र अन्नटंचाईत होते. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत आहे.

कर्जाचे म्हणाल, तर व्हेनेझुएलाने भूकंपानंतर २०१० मध्ये ३९ कोटी ५० लाख डॉलरचे देणे माफ केले होते, पण तेल पुढेही येत राहिले आणि देणे पुन्हा चढले. योजना २०१८ मध्ये बंद पडली. उरलेले देणे २०२४ मध्ये मोठ्या सवलतीत तडजोडीने मिटवण्यात आले. म्हणजे सावकाराचा प्रश्न सुटला आहे.

कालवा थांबणार नाही

या सगळ्यात एक काम मात्र झाले, तेही कर्जाशिवाय. ईशान्य हैतीत डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर मॅसॅकर नदी वाहते. तिच्या पाण्यावर वानामेंतजवळच्या मारिबारू मैदानासाठी कालवा काढण्याचे काम मोईस यांच्या सरकारने क्यूबातील कंपनीकडून सुरू केले होते. अध्यक्षांची हत्या झाली आणि काम ठप्प पडले. दोन वर्षे तसेच राहिले.

ऑगस्ट २०२३ मध्ये शेतकऱ्यांनी ते स्वतः हाती घेतले. कुणी सिमेंटच्या पिशव्या आणल्या, कुणी जेवण शिजवले. गवंडी आणि अभियंते बिनपगारी राबले, परदेशातल्या हैतियनांनी पैसे पाठवले. नदीचे पाणी वळवले जात असल्याचे सांगत डॉमिनिकन अध्यक्ष लुईस अबिनादेर यांनी १५ सप्टेंबर २०२३ पासून सीमा बंद केली. व्यापार थांबला, हजारो कुटुंबांची कमाई बुडाली. कालव्यावर गर्दी उलट वाढली. ‘कालवा थांबणार नाही’ ही क्रिओल घोषणा भिंतींवर आणि टी-शर्टांवर आली. ऑक्टोबरमध्ये डॉमिनिकन बाजूने सीमा अंशतः उघडली, तेव्हाही मैदानात दगड बसवण्याचे काम चालूच होते.

अ‍ॅग्रिट्रान्सची केळीची बाग याच ईशान्य विभागात आहे.